पेंटरच्या पाठीतला तीळ

चुंबकबाईंनी आयुष्यभर लोकांना एकच प्रश्न विचारला, "अंगावर लोखंड आहे का?" आणि लोक आयुष्यभर त्यांच्याशी खोटं बोलत आले.

आधी नाही म्हणायचे, आणि बाई नुसत्या बघत उभ्या राहिल्या की मग हळूहळू एकेक बाहेर पडायचं. खिशातून किल्ल्या, केसांतून पिना, कमरेचा पट्टा, आणि एका म्हातारीच्या पोलक्याच्या आतून तर सेफ्टी पिनांची अख्खी माळ. इस्पितळाच्या तळमजल्यावर एमआरआयची खोली. आतलं यंत्र म्हणजे एक भलंमोठं पोकळ चुंबक, त्याच्या पोटात माणसाला सरकवायचं आणि काचेपलीकडे बसून त्याच्या आतले फोटो काढायचे, हे बाईंचं काम. खोली कायम गारठलेली. त्यामुळे बारा महिने अंगात एकच विटकरी स्वेटर. चुंबकबाई हे नाव वॉर्डबॉय मंडळींनी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या कागदावरचं नाव बाईंना स्वतःलाही परकं वाटायला लागलं.

एका बड्या साहेबांनी गळ्यातली जाड साखळी काढायला साफ नकार दिला होता. "अस्सल सोनं आहे बाई. सोन्याला तुमचं चुंबक काय करणार?" खरंच होतं ते, सोन्याला चुंबक काही करत नाही. पण साहेबांनी दारात पाऊल टाकलं मात्र, साखळी गळ्यातून आडवी उठली आणि यंत्राच्या दिशेने नागासारखी डोलायला लागली. मागे साहेबांची बायको उभी होती. तिच्या गळ्यात त्याच जोडीची साखळी, साहेबांनीच कौतुकाने दिलेली. तिने पुढे होऊन आपली मान दारात धरली. साहेबांच्या पोटाचा फोटो त्या दिवशी निघाला की नाही कुणाला आठवत नाही. पुढचं भांडण मात्र सगळ्या मजल्याला तोंडपाठ आहे.

बाईंनी लग्न केलं नाही. ऑक्सिजनची नळकांडी पोचवणाऱ्या एका गृहस्थाशी ठरत आलं होतं म्हणतात. पण त्याचा सगळा संसार लोखंडाचा, तो बाईंच्या दाराच्या आत येणार कसा, असं इस्पितळातली मंडळी म्हणायची आणि स्वतःच्याच विनोदावर खूष व्हायची. खरं कारण साधं होतं. आई लवकर गेली आणि पाठचा भाऊ लहान होता. त्याचं जेवण, शाळा, आजारपण करता करता बाईंचं वय उलटून गेलं, आणि ते उलटलंय हे त्यांच्या लक्षात यायच्या आत भावाचंच लग्न झालं.

हा भाऊ म्हणजे पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फूटपट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा हात, आणि त्या हाताइतकीच सैल जीभ. शिडीवर उभा राहून खालून जाणाऱ्या ओळखीच्या माणसांच्या टकलांवर शेरे मारायचा. एका गोष्टीचा त्याला फार अभिमान होता, त्याच्या ब्रशातून थेंब पडत नसे. "थेंब पाडणारा तो पेंटर नव्हे, गळकी बादली," असं तो इतर पेंटरांच्या तोंडावर म्हणायचा. त्यामुळे त्या धंद्यात त्याला मित्र थोडे होते.

असा हा पेंटर एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना पडला. शेवटचं अक्षर राहिलं होतं. खाली उतरून शिडी सरकवायची आणि परत चढायचं, एवढंच करायचं होतं. त्याने आळस केला, तिथूनच वाकून हात लांबवला, आणि शिडी गेली. पाठ फुटपाथच्या कडेवर आपटली. कमरेच्या वर सगळं शाबूत, कमरेखाली काही नाही. पाय होते, पण ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

तेव्हा त्या इस्पितळात थोरल्या डॉक्टरांचा एक प्रयोग चालला होता. पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाच्याच हाडाच्या मगजातून पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि इजा झालेल्या जागी परत सोडायच्या. मणक्यात धातूचे स्क्रू बसवलेली माणसं त्यात घेत नव्हते, कारण स्क्रूने फोटो खराब होतो. पेंटरला स्क्रू लागले नव्हते. नशिबाने पाडताना एवढी एकच मेहेरबानी केली होती, आणि ती मेहेरबानी होती की काय, हे पुढे ज्याने त्याने ठरवावं.

"पण डॉक्टर, आत सोडल्यावर त्या तिथेच गेल्या हे कळणार कसं?" पेंटरने विचारलं.

थोरल्या डॉक्टरांना रोग्याशी त्याच्या धंद्यातलं बोलायची हौस होती. ते म्हणाले, "पांढऱ्या भिंतीवर पांढराच हात मारलास, तर कुठवर आलास ते कळतं का?"

"नाही कळत. म्हणून आम्ही पहिल्या हातात किंचित दुसरा रंग टाकतो."

"आम्हीही तेच करतो. पेशींना आधी लोखंडाचे कण खाऊ घालतो. नॅनो कण म्हणतात त्यांना. इतके बारीक, की तुझ्या ब्रशाच्या एका केसाच्या जाडीत हजारो मावतील. वरून साखरेसारखा एक थर असतो, म्हणून पेशी ते गिळतात. लोखंड चुंबकाच्या कामात लुडबूड करतं, त्यामुळे जिथे ते कण, तिथे फोटोत काळा डाग. डाग दिसला की समजायचं, माल जागेवर पोचला."

"आणि मग मी चालणार?"

"ते आम्हालाही माहीत नाही," थोरले डॉक्टर म्हणाले. "फोटोत आपण एवढंच बघायचं, की पेशी नेमक्या जागी पडल्या का. त्यापुढचं वचन मी देत नाही." त्यांनी हे दोनदा सांगितलं. तेव्हा चुंबकबाई तिथेच, भावाच्या उशाशी उभ्या होत्या. त्यांनीही दोनदा मान हलवली.

पेशी सोडल्यानंतरचा पहिला फोटो बाईंनीच काढला. यंत्रात जाणाऱ्या माणसाच्या हातात एक रबरी फुगा देतात. आत घाबरलं की तो दाबायचा, बाहेर घंटी वाजते. पेंटरला आत सरकवून बाई काचेमागे येऊन बसतात न बसतात तोच घंटी वाजली. बाई धावत आत.

"काय रे? काय होतंय?"

"काही नाही. बघत होतो, येतेस का."

"मेल्या, काम करू दे!"

यंत्राची खटखट सुरू झाली. पडद्यावर पाठीचा कणा उमटत गेला, राखाडीवर राखाडी, आणि मध्येच, बरोबर इजेच्या जागी, एक काळाकुट्ट ठिपका. डॉक्टर अजून खाली उतरले नव्हते. बाईंनी माइकचं बटण दाबलं. आनंदाच्या भरात त्या बोलून गेल्या, "आहेत रे! जिवंत आहेत तुझ्या पेशी! सगळ्या आहेत!"

डॉक्टर असते तर 'जागेवर आहेत' म्हणाले असते. बाईंच्या तोंडून 'जिवंत' निघालं. एक शब्द इकडचा तिकडे झाला. इतका किरकोळ, की त्या वेळी बाईंच्याही कानाला खटकला नाही.

आतून आवाज आला, "केवढ्या दिसतात?"

"तिळाएवढ्या."

झालं. त्या दिवसापासून त्या डागाचं नाव तीळ.

फोटोची फिल्म घरी आली आणि खिडकीच्या काचेवर चिकटली, पेंटरला पडल्या पडल्या दिसेल अशी. उजेड आला की कणा उजळायचा आणि मधला तीळ दिसायचा. शेजारीपाजारी बघायला यायचे. एक तीळ सात जणांत वाटून खावा म्हणतात, इथे अख्ख्या गल्लीने खाल्ला. समोरचा चांभार यायचा, वरच्या मजल्यावरची मास्तरीणबाई यायची, आणि तीळ कालच्यापेक्षा मोठा दिसतो असं जो तो सांगून जायचा. फिल्म तीच, कालचीच. पण सांगणाऱ्याला कोण अडवणार?

पेंटरची बायको शाळेचे गणवेश शिवायची. कमी बोलणारी बाई. ती तेवढी म्हणायची, "मला काही मोठा दिसत नाही बाई."

आणि इथे पेंटरच्या डोक्यात ते शिरलं, जे फक्त एका पेंटरच्याच डोक्यात शिरलं असतं. तो कुशीवर वळेना. इस्पितळातून सांगून पाठवलं होतं, पाठीला एकसारखा दाब येऊ द्यायचा नाही, सारखं कुशीवर वळायचं, नाहीतर कातडी कुजते. पेंटर सगळ्यांसमोर मान डोलवायचा, आणि पाठ फिरली की परत उताणा.

"अगं, ओला हात आहे तो आतमध्ये," तो बायकोला समजवायचा. "ओल्या भिंतीला कुणी हात लावतं का? हललो आणि तीळ सरकला तर? वाळू दे. एकदा बसला की मग वाटेल तेवढं वळव."

"डॉक्टरांनी असं सांगितलं नाही."

"डॉक्टरांनी कधी भिंत रंगवलीय?"

चाकांची खुर्ची आली ती दारामागे घडी होऊन राहिली. तिच्यावर टॉवेल वाळत पडायचे. व्यायाम शिकवणारी मुलगी यायची, खुर्चीत कसं सरकायचं ते दाखवू म्हणायची. पेंटर तिला हसवून परत पाठवायचा. "खुर्ची शिकून काय करू? शिकलो तर पायांना वाटेल, आता आपली गरज नाही." छोट्या पाट्यांची कामं घरी येत होती, दारावरच्या नावांची, गाड्यांच्या नंबरांची. हात तर धडधाकट होते. पण तो घेईना. "उभा राहीन तेव्हा रंगवीन. बसून रंगवणारा पेंटर म्हणजे पोहता न येणारा मासा." शिडी मात्र भिंतीला टांगलेली होती आणि तिच्यावरची धूळ तो बायकोकडून रोज पुसून घ्यायचा.

बाईंना हे सगळं दिसत होतं. पण त्यांना तीळही दिसत होता. ठरलेल्या वेळी पेंटर यायचा, फुगा दाबून बाईंना एकदा तरी धावायला लावायचा, आणि पडद्यावर तीळ उमटायचा, तेवढाच, तितकाच काळा, तसूभर कमी नाही. बाई माइकवरून सांगायच्या, "आहे रे." एवढ्या शब्दांवर पेंटर पुढचे कितीतरी महिने काढायचा. दुसरं वर्ष लागलं. पाय हलले नव्हते. पाठीला, माकडहाडाच्या वर, एक जखम झाली होती. ती पेंटर मोजतही नव्हता.

त्याच प्रयोगात एक घड्याळजी आजोबा होते. खवट म्हातारा. दर वेळी खिशात कुठली तरी स्प्रिंग विसरायचा आणि दर वेळी बाईंशी भांडायचा. त्यांच्याही पाठीत तीळ होता. आजोबा हिवाळ्यात न्यूमोनियाने गेले. जाण्याआधी मुलाला सांगून ठेवलं होतं, "माझा कणा यांना उघडून बघू दे. घड्याळ बंद पडलं की उघडून बघायचं असतं."

तर तो कण्याचा तुकडा एका बरणीत, औषधाच्या पाण्यात घालून खाली आला. उघडण्याआधी त्याचाही एक फोटो हवा होता. बाईंनी बरणी यंत्राच्या पोटात ठेवली. सवयीने विचारायला तोंड उघडलं, "अंगावर लोखंड..." आणि मिटलं.

काचेमागे येऊन बसल्या. खटखट सुरू झाली. पडद्यावर राखाडी उमटलं, आणि मध्ये तीळ.

तसाच. तेवढाच. तितकाच काळा.

म्हातारा जाऊन किती दिवस झाले होते. त्याचं हृदय थांबलं, श्वास थांबला, खिशातल्या स्प्रिंगाही मुलाने नेल्या, आणि तीळ मात्र जागच्या जागी, जणू काही घडलंच नाही. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. स्वेटर असूनही त्यांना त्या दिवशी थंडी वाजली.

पुढे धाकट्या डॉक्टरीणबाईंनी तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बाई मुद्दाम वर जाऊन त्यांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"सोडलेल्या पेशींपैकी एकही सापडली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेक सुरुवातीच्याच आठवड्यांत मेल्या असतील."

"मग तीळ?"

"शरीरात साफसफाई करणाऱ्या पेशी असतात. मेलेलं खाऊन टाकणं हेच त्यांचं काम. त्यांनी मेलेल्या पेशी खाल्ल्या, आणि त्यांच्या पोटातलं लोखंडही. आणि तिथेच बसून राहिल्या. लोखंड काही मरत नाही ना. डाग लोखंडाचा आहे."

"म्हणजे आमच्या पेंटरचा..."

"त्याचंही असंच असेल असं छातीठोकपणे नाही सांगता येत. पण तीळ दिसतो म्हणून पेशी आहेत, असं आता कुणालाच म्हणता येणार नाही. आणि खरं सांगू? पायांत काहीच फरक नाही, त्यावरून मला तरी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "पुढच्या भेटीत आम्ही सगळ्यांना सांगणारच आहोत."

"त्याला मी सांगते," बाई म्हणाल्या. "मीच सांगितलं होतं."

भावाच्या घरी आल्या तेव्हा पेंटर झोपला होता. भावजय बाहेरच्या खोलीत मशीनवर एक गणवेश शिवत होती. बाईंनी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. मशीन थांबलं. मग परत चालू झालं, मग परत थांबलं.

"मला वाटायचंच," भावजय म्हणाली. "मोठा होत नाही आणि लहानही होत नाही, असं जिवंत काय असतं वन्सं? नख वाढतं, केस गळतो. हा आपला नुसता बसलेला."

"सांगू का गं त्याला? का राहू दे? निदान आशेवर तरी..."

"आशेवर?" भावजय उठली, आतून एक पट्टी घेऊन आली. सकाळी जखमेवरून काढलेली. बाईंच्या नाकापाशी धरली. बाईंनी तोंड फिरवलं. "हिला आशा म्हणता? तीळ सरकेल म्हणून वळत नाही तो. रात्री झोपला की मी वळवते, जागा झाला की ओरडतो. तुम्ही त्याला उताणा निजवलात वन्सं. आता तुम्हीच उठवा."

एवढं लांब वाक्य ती बाई लग्नात नाव घेतानाही बोलली नसेल. बाईंनी ते ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं.

पेंटर जागा झाला. उन्हं खिडकीवर आली होती आणि तीळ उजळला होता.

"काय चुंबकबाई, आज तोंडाचा फोटो काळा का आलाय?"

बाई खाटेच्या कडेला बसल्या. घड्याळजींची गोष्ट सांगायला लागल्या. पेंटर आधी हसला, म्हणाला, "बरणीतही भांडला असेल म्हातारा." मग बाईंनी पडद्यावरच्या तिळाचं सांगितलं. मग सूक्ष्मदर्शकाचं. पेंटरची नजर खिडकीवरून हलली नाही.

तो म्हणाला, "म्हणजे मी मेलेल्यांना जपत पडलोय."

"अरे..."

"डॉक्टर काय म्हणाले होते? आठवतंय मला. जागेवर पोचल्या का ते बघायचं, एवढंच. 'जिवंत' कुणी म्हटलं?"

"मी."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मग का म्हणालीस?"

"तू काचेपलीकडे पडला होतास," बाई म्हणाल्या. "आणि मला आनंद झाला."

पेंटरने डोळे मिटले. "जा तू, ताई."

बाई उठल्या. दारापर्यंत गेल्या तर मागून आवाज आला, "आणि ती फिल्म काढून ने." बाईंनी काचेवरून फिल्म सोडवली. चिकटपट्टीचे चार कोपरे काचेवर तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी पेंटरने खुर्चीवरचे टॉवेल काढायला लावले. व्यायामवाल्या मुलीला निरोप गेला. ती आली तेव्हा त्याने एकही विनोद केला नाही, ती सांगेल तसं केलं, पडला, शिव्या दिल्या, परत केलं. शिडी एका गळक्या बादलीला देऊन टाकली, म्हणजे एका प्रतिस्पर्धी पेंटरला. आणि मांडीवर फळी आडवी टाकून पाट्या रंगवायला बसला. पहिली पाटी बायकोच्या शिवणकामाची. अक्षरं जरा कापरी आली. दुसरी बरी आली. तिसरीपासून गल्लीतली माणसं परत खिडकीशी थांबायला लागली, आणि पेंटर परत त्यांच्या टकलांवर बोलायला लागला, फक्त आता खालून वर.

एवढं सगळं झालं, पण ताईशी तो बोलेना.

भांडण नाही, अबोल्याचा गाजावाजा नाही. बाई आल्या की खुर्ची भिंतीकडे वळायची. "ओलं आहे, हलवू नका मला," एवढंच, आणि तेही बायकोकडे बघून. बाहेरच्या पायरीवर बाईंना त्याचं हसणं ऐकू यायचं. चप्पल काढेपर्यंत ते थांबलेलं असायचं. पुढेपुढे बाई पायरीवरच जरा वेळ उभ्या राहायला लागल्या, हसणं ऐकून घ्यायचं आणि मग दार वाजवायचं. कधी कधी न वाजवताच परत जायच्या. त्याच गल्लीत राहणाऱ्या, इस्पितळातल्या एका आयाने हे पाहिलं आणि चुंबकबाई भावाकडे चोरून कान देतात असं पसरवलं. ते खोटं नव्हतं, म्हणून बाईंनी कुणाला उत्तर दिलं नाही.

जखम मात्र थांबली नव्हती. आता तो वळत होता, खुर्चीत हातांवर जोर देऊन उचलला जात होता, सांगितलेलं सगळं करत होता. पण त्या उताण्या दिवसांत ती आतपर्यंत उतरली होती, हाडापर्यंत. ताप यायला लागला, जायचा, परत यायचा. शेवटी वॉर्डात दाखल केलं, आणि हाडाचं काय झालंय ते बघायला फोटो सांगितला.

ट्रॉली तळमजल्यावर आली. बाई दारात उभ्या होत्या. भावाचे गाल आत गेले होते, हाताच्या बोटांवर निळ्या रंगाचे डाग तसेच होते.

"दुसऱ्या कुणाला बोलवू का?" बाईंनी विचारलं.

पेंटर छताकडे बघत होता. "ही चालेल," तो वॉर्डबॉयला म्हणाला.

नियम म्हणजे नियम. बाईंनी विचारलं, "अंगावर लोखंड आहे का?"

"अंगावर नाही," पेंटर म्हणाला. "आत आहे."

कित्येक महिन्यांनंतरचं हे त्याचं ताईशी पहिलं बोलणं. बाईंनी फुगा त्याच्या हातात दिला, बोटं मिटवली, त्याला आत सरकवलं आणि काचेमागे येऊन बसल्या. फोटो सुरू झाले. माकडहाडाचं काय झालंय ते पहिल्या काही चित्रांतच दिसलं, ते ओळखायला डॉक्टर लागत नव्हता. बाईंनी माइकला हात लावला नाही. या वेळी त्या काही बोलणार नव्हत्या.

आणि घंटी वाजली.

बाई धावल्या. वय झालं होतं, गुडघे दुखत होते, तरी धावल्या. "काय होतंय रे? काढू बाहेर?"

यंत्राच्या पोटातून आवाज आला, खोल, दमलेला. "काही नाही. बघत होतो, येतेस का."

बाई त्याच्या पायांशी उभ्या राहिल्या. त्या पायांना कळत नव्हतं, तरी त्यांनी त्यावर हात ठेवला.

"ताई."

"काय रे?"

"तुझ्या दारावरची पाटी कुणी रंगवलीय? आत येताना बघितली. 'धातू'तल्या 'धा'चं पोट सुटलंय. लाज वाटत नाही तुला, इतकी वर्षं त्याखालून जाताना?"

"मला कुठे कळतं त्यातलं."

"मी लिहून देतो."

एवढंच झालं. माफी कुणी मागितली नाही, दिलीही नाही. तो फोटो हलल्यामुळे परत काढावा लागला.

पाटी त्याने वॉर्डात, कुशीवर पडून रंगवली. भावजय फळी धरून बसायची. एका वेळी दोन अक्षरं, मग हात थकायचा. नर्सबाई रंगाच्या वासावर कुरकुर करायच्या आणि दर थोड्या वेळाने कुठवर आलं ते बघायला यायच्या. शेवटचं अक्षर पुरं झालं तेव्हा ताप चढलेला होता. तो मग उतरला नाही. पेंटर गेला तेव्हा बाई वर नव्हत्या, खाली कुणा शाळकरी मुलीच्या गुडघ्याचा फोटो काढत होत्या. निरोप आला. त्यांनी मुलीला आधी बाहेर काढलं, तिच्या आईच्या हातात दिलं, आणि मग जिना चढल्या.

पाटी भावजयीने आणून दिली. निळ्यावर पांढरी अक्षरं, 'धातूची वस्तू आत नेऊ नये', आणि 'धा' असा ताठ की कवायतीला उभा आहे. खाली उजव्या कोपऱ्यात एक काळा ठिपका होता.

"शेवटी हात फार कापत होता हो," भावजय म्हणाली. "थेंब पडला वाटतं."

बाईंनी पाटी उजेडाकडे तिरपी धरली. थेंब पडला तर पसरतो, एका बाजूला ओघळतो. हा गोल होता. काठ धारदार होता आणि वर दोन हात दिलेले होते. पाटीत काळा रंग दुसरीकडे कुठेच नव्हता.

"हो," त्या म्हणाल्या. "पडला असेल."

पाटी दारावर लागली. सफाईवाली मावशी रोज सकाळी दार पुसते, आणि पहिले काही दिवस त्या कोपऱ्यापाशी तिचं फडकं अडायचं. आधी ओल्या फडक्याने, मग साबणाने, मग एकदा नखाने.

"बाई, हा डाग निघत नाही हो."

"माहीत आहे," चुंबकबाई म्हणाल्या, स्वेटरची बटणं लावत. "राहू दे."

बाहेर बाकावर पहिला पेशंट येऊन बसला होता. त्याने खिशातल्या किल्ल्या घाईघाईने मुठीत लपवल्या. बाईंनी ते पाहिलं.

"अंगावर लोखंड आहे का?" त्यांनी विचारलं.